वॉटर पार्क रिसॉर्टमध्ये पहिल्यांदा जेवायला जाताय?

आत्या मानवतहून निघाली की तिच्या हातात चार पुडांचा स्टीलचा डबा असतोच. त्या वर्षी मे महिन्यात मुलांच्या हट्टापायी आम्ही सगळे संभाजीनगरबाहेरच्या एका वॉटर पार्क रिसॉर्टला गेलो, तेव्हाही होता. एका पुडात ज्वारीचे धपाटे, दुसऱ्यात घट्ट दही, तिसऱ्यात शेंगदाण्याची चटणी, चौथ्यात कैरीचं लोणचं. गेटवर बॅगा तपासणाऱ्या मामांनी डबा उचलला, वरचं झाकण बोटानं वाजवून बघितलं आणि मागच्या फळीवर ठेवून दिला. "बाहेरचं खाणं आत चालत नाही, ताई. जाताना घेऊन जा." आणि पत्र्याचा एक बिल्ला हातात दिला, 17 नंबरचा.

आत्या म्हणाली, "देवळात चपलांना बिल्ला देतात, तसा इथं जेवणाला द्यायलेत की गं!"

पैठणच्या ज्ञानेश्वर उद्यानात नाहीतर सिद्धार्थ उद्यानात डबा घेऊन जायचं, सतरंजी अंथरायची आणि भूक लागेल तेव्हा जेवायचं, ही आपली सहलीची सवय. रिसॉर्टमध्ये ती चालत नाही. तिथं जेवण बहुतेक वेळा तिकिटातच धरलेलं असतं, त्याला वेळा असतात, कूपन असतं, ओल्या कपड्यांचे नियम असतात. नवा माणूस या सगळ्यात गडबडतो आणि वरून तिकिटाचे पैसे ताटातून वसूल करायला जातो. मीही तेच केलं होतं. त्यानंतर पाच-सहा वेळा पाहुण्यांना घेऊन अशा ठिकाणी जाणं झालं, त्यातून जे कळलं ते लिहिते आहे.

आदल्या दिवशी फोन

जाहिरातीत "नाश्ता, जेवण, चहा समाविष्ट" एवढंच असतं. त्यावर जाऊ नका. फोन लावा आणि सरळ विचारा: जेवण बुफे आहे का थाळी? थाळी असेल तर भाजी-पोळी परत वाढतात का एकदाच? नाश्ता किती वाजता बंद होतो? पॅकेजच्या किमतीत कर धरलाय का वर लागणार? लहान मुलाचं तिकीट वयावर आहे का उंचीवर? बऱ्याच पार्कांत खिडकीशेजारी भिंतीवर उंचीची पट्टी रंगवलेली असते आणि तुमचा सात वर्षांचा उंचाडा मुलगा तिथं "मोठा" ठरतो. तसा ठरला तर त्याच्या वाट्याला जेवणाचं कूपनही मोठ्या माणसाचंच येतं, ते मागून घ्या.

पाण्यात न उतरणाऱ्यांसाठी नुसत्या जेवणाचं तिकीट आहे का, हेही विचारा. काही ठिकाणी असतं, पण खिडकीवरचा पोरगा आपणहून सांगत नाही. आत्याचे पहिल्या वेळी आम्ही पूर्ण पैसे भरले आणि तिनं दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सगळ्यांचे टॉवेल सांभाळले.

कॅलेंडर बघून घ्या. संकष्टी किंवा एकादशी असेल आणि घरात कुणाचा उपवास असेल तर साबुदाण्याची खिचडी मिळेल का, हे आदल्या दिवशीच ठरवावं लागतं. ऐन वेळी साबुदाणा भिजवलेला नसतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनीही आधीच सांगावं.

आणि एक प्रश्न असा, जो कुणी विचारत नाही: "उद्या किती बस येणार आहेत?" दिवाळीनंतर शाळांच्या सहली सुरू होतात आणि जानेवारीपर्यंत चालतात. कंपन्यांचे ग्रुप वर्षभर असतात. चार-पाच बस असतील तर दुपारी एक वाजता जेवणाच्या हॉलमध्ये काय होईल याचा अंदाज बसतो. शक्य असेल तर दिवसच बदला.

गेटच्या बाहेर आणि आत

धपाटे करून नेलेच असतील तर पार्किंगमध्ये, गाडीतच खाऊन घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही, शेजारच्या गाडीतही तेच चाललेलं असतं.

तान्ह्या बाळाचं खाणं, औषधं, साखरेच्या पेशंटची बिस्किटं आत न्यायला सहसा अडवत नाहीत. फक्त ती बॅगेच्या तळाशी लपवू नका. वर ठेवा आणि आपणहून दाखवा. "मामा, सासऱ्यांना शुगर आहे, एवढा पुडा राहू द्या," असं सरळ सांगितलं की काम होतं. लपवलेलं सापडलं की मग बॅगेतलं सगळंच बाहेर निघतं.

तिकिटाबरोबर कूपनं मिळतात. काही ठिकाणी मनगटावर कागदी पट्टा बांधतात, तो बरा. कागदी कूपनं असतील तर त्यांची जागा ठरवा. भाड्यानं मिळणाऱ्या नायलॉनच्या कॉश्च्यूमला खिसा नसतो. असला तरी त्यात ठेवलेलं गुलाबी कूपन दुपारपर्यंत लगदा होतं आणि काउंटरवरचा माणूस लगद्याला जेवण देत नाही. आमच्या जाऊबाईंनी उन्हात वाळत घालून, चार तुकडे जोडून दाखवलं, तेव्हा कुठं जमलं. सगळ्यांची कूपनं एकाच माणसाकडे, चेनच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. तो माणूस पाण्यात न उतरणारा असला तर सोन्याहून पिवळं.

मोबाइल लॉकरमध्ये गेला की ऑनलाइन पैसे देणं संपलं. शिवाय शहराबाहेरच्या पत्र्याच्या शेडखाली नेटवर्क मिळेलच असं नाही. चार-पाचशे रुपये सुट्टे, त्याच पिशवीत. काही पार्कांत खाण्यासाठी कार्ड रिचार्ज करायला लावतात. तिथं थोडेच पैसे भरा आणि उरलेले परत द्यायची खिडकी किती वाजता बंद होते ते कार्ड घेतानाच विचारा. संध्याकाळी सगळे एकदम तिथंच येतात.

नाश्ता अर्धाच

पोहे, उपमा, कधी मिसळ. नशीब असलं तर सुशीला. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सांगावं लागतं, की हे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचं, फोडणी घातलेलं प्रकरण आहे आणि दाण्याचा कूट सढळ पडला तर पोह्यांना मागं टाकतं. अकराच्या सुमारास पातेली उचलली जातात, म्हणून आधी नाश्ता, मग लॉकर आणि कपडे बदलणं, हा क्रम ठेवा. उलटं केलं तर चेंजिंग रूमच्या रांगेतच नाश्ता संपतो.

पण पोटभर खाऊ नका. गोल गोल फिरवत आणणाऱ्या बंद घसरगुंडीत डोळ्यांना काही कळत नाही आणि कानातला तोल सांभाळणारा भाग मात्र वळणं मोजत असतो. दोघांचं जुळत नाही आणि मळमळायला लागतं. वर पोटात मिसळ असली तर विचारूच नका. माझा भाचा तीन प्लेट मिसळ हाणून सर्वांत उंच घसरगुंडीवर चढला होता. खाली आला तेव्हा लाइफगार्डनं शिट्टी फुंकून अख्खा पूल रिकामा केला. खाल्ल्यावर अर्धा-पाऊण तास लहान मुलांच्या उथळ पाण्यात काढा, मोठ्या घसरगुंड्या नंतर.

दुपारचं ताट

इथं वेळ हीच सगळी गोम आहे. हॉल साडेबाराला उघडत असेल तर साडेबाराला दारात उभं राहा, नाहीतर सव्वादोनला जा. मधल्या वेळेत सगळं पार्क जेवायला येतं. मला साडेबारा पटतं: पोळ्या गरम, भाज्या ताज्या, टेबल कोरडं. आणि तुम्ही जेवत असता तेव्हा बाहेर ऊन भाजत असतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, त्या तासात सावलीत बसलेलं चांगलंच. हॉलकडे जाताना चप्पल घाला. फरशी इतकी तापलेली असते, की अनवाणी गेलेली माणसं उड्या मारत जेवायला येतात.

ओल्या कपड्यांनी बसायची जागा वेगळी असते, बहुधा उघड्या शेडमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांची. एसी हॉलमध्ये कोरडे कपडे लागतात. मुलं असतील तर सरळ शेडमध्ये बसा. ओल्या अंगानं एसीत जेवून संध्याकाळी शिंकत घरी येण्यात काय हशील? पण टॉवेल अंगावर घ्या. पंचवीस जण नुसत्या चड्डीवर बुफेच्या रांगेत उभे असतात ते दृश्य फार भूक वाढवणारं नसतं.

आता बुफे. पहिली चक्कर रिकाम्या हातानं मारा. ताट हातात आलं की माणूस समोर येईल ते घेत सुटतो. सुरुवातीला सॅलड, पापड आणि भात मांडलेला असतो, म्हणजे शेवटच्या चांगल्या पदार्थापर्यंत पोचेस्तोवर ताटात जागाच उरत नाही. आधी टोकापर्यंत जाऊन या, झाकणं उचलून बघा. ज्या भांड्यातून वाफ येते आणि खाली बत्ती पेटलेली आहे, ते घ्यायचं. गरम अन्न 60 अंशांच्या वर ठेवलं तर सुरक्षित, आणि ते बोटानं तपासायची गरज नसते, वाफच सांगते. बत्ती विझलेली, वर साय धरलेली पनीरची भाजी कितीही लाल दिसली तरी सोडून द्या. चिरून ठेवलेली काकडी, कांदा आणि कलिंगड बाराच्या उन्हात मी घेत नाही. सरबतातला बर्फही नको. तो कोणत्या पाण्याचा, हे वाढणाऱ्यालाही माहीत नसतं. ताक थंडगार असेल तर मात्र दोन ग्लास प्या.

मग घ्यायचं काय? आपल्या भागातल्या रिसॉर्टचं मला सापडलेलं गुपित म्हणजे कोपऱ्यातली चूल. हॉलच्या बाहेर, झोपडीसारख्या मांडवात एखादी बाई भाकरी थापत बसलेली असते. शहरातून आलेली मंडळी तिथं फक्त फोटो काढतात आणि मंचुरियनकडे वळतात. तुम्ही तिथं थांबा. परातीत पीठ मळायचं, दोन तळव्यांत गोळा फिरवायचा, थापताना परात फिरत राहते आणि भाकरी कडेनं पातळ होत जाते. मग तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवते. पाणी सुकायच्या आत उलटायची, नाहीतर भेगा पडतात. मग तवा बाजूला सारून थेट विस्तवावर. "मावशी, जरा कडक करा," म्हटलं की ती हसते आणि भाकरी आणखी एकदा निखाऱ्यावर टेकवते. टम्म फुगलेली ती भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत, ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. पूर्ण बुफेत एवढंच तुमच्यासमोर शिजलेलं असतं, बाकी सगळं सकाळी नऊचं.

ठेचा घेताना पाहुण्यांना सावध करा. मुंबईकडच्या माणसाचं "मीडियम तिखट" आणि इथल्या आचाऱ्याचं "मीडियम" यात मोठं अंतर आहे. माझ्या पुण्याच्या दिरानं काळ्या मसाल्याची शेवभाजी "मीडियम" म्हणून मागवली आणि पुढचा अर्धा तास गुलाबजामच्या भांड्याजवळ काढला. मुलांसाठी वरण-भात वेगळा मागितला तर देतात. मेनूत नसला तरी मागा.

पंचाईत होते ती हाक मारण्याची. "ए, शुक शुक" करू नका, "वेटर" म्हणून ओरडूही नका. तरुण असेल तर भाऊ किंवा दादा, वयानं मोठा असेल तर मामा. "मामा, दोन पोळ्या गरम" असं म्हटलं की खरंच गरम येतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. पंगतीत वाढणाऱ्याला आपण जसं बोलतो तसंच इथं बोलायचं.

आणि ताटात टाकू नका. अन्न वाया घालवलं तर दंड, अशी पाटी पुष्कळ ठिकाणी असते. मला त्या पाटीचा राग येत नाही. थोडं घ्या, परत जा. बुफेत परत जाण्याचे पैसे पडत नाहीत. चार गुलाबजाम एकदम घेऊन तिसऱ्याला हात टेकणारी माणसं तिकीट वसूल करत नसतात. दुपारनंतर वेव्ह पूल सुरू होतो तेव्हा ती सावलीत आडवी झालेली असतात.

पॅकेज नसेल तर

मेनूकार्डावरून मागवायचं असेल तर नावांना भुलू नका. जंगल थीम असेल तर "शिकारी प्लॅटर", वाडा थीम असेल तर "सरदार थाळी". खालच्या बारीक अक्षरांत वाचलं की कळतं, दोन भाज्या, वरण, भात, तीन पोळ्या, पापड. नावाचे शंभर रुपये जास्त. थाळी दोघांत चालत नाही, अशी पाटी असते, म्हणून सहा जणांत तीन थाळ्या मागवायचा बेत आधीच सोडा. त्यापेक्षा दोन भाज्या, एक डाळ आणि भाकऱ्या मोजून मागवा, स्वस्त पडतं. गर्दीत ऑर्डर यायला पाऊण तास सहज लागतो, तेव्हा एकानं पुढं जाऊन ऑर्डर द्यावी, बाकीच्यांनी तोवर पाण्यातून निघावं.

मटणाच्या हौशींना एक सांगते. मेनूत नान खलिया, म्हणजे नानबरोबरचा मटणाचा रस्सा, दिसला तरी तो इथं नको. 1327 मध्ये महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, त्या लष्कराबरोबर हा पदार्थ आला असं सांगतात. मोठ्या देगेत मंद आचेवर होणारी ती गोष्ट आहे. ती परतताना जुन्या शहरात थांबून खावी.

बिल

बसल्या जागी वाचा. साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर जीएसटी 5 टक्के, बिलात तो अडीच-अडीच असा दोन ओळींत दिसतो. पार्कच्या प्रवेशाचा दर वेगळा, 18 टक्के. बिलावर जीएसटी नंबरच नसेल तर कराची ओळ कशी आली, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दरानं स्वतःच कर भरणाऱ्या, छोट्या व्यावसायिकाला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही.

"सर्व्हिस चार्ज" ही ओळ वेगळी. तो सरकारी कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये सांगितलं, की हॉटेलनं तो बिलात आपोआप लावू नये, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. एका ठिकाणी आमच्या बिलात 10 टक्के लावला होता. मी काउंटरवर जाऊन आवाज न चढवता म्हटलं, "साहेब, ही ओळ काढून द्या." मॅनेजरनं काही न बोलता दुसरं बिल छापलं. नाही काढली तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. वाढणाऱ्या मामांच्या हातात मी पन्नास रुपये वेगळे दिले, ते थेट त्यांच्यापर्यंत पोचले.

पाण्याच्या बाटलीवरून मात्र भांडू नका. हॉटेलात बसवून, वाढून दिलेल्या बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2017 चा निकाल आहे. "साधं पाणी द्या" म्हणा, किंवा हॉलच्या कोपऱ्यातल्या आरओ कूलरवर आपली रिकामी बाटली भरा. दिवसभर पाण्यात असल्यानं तहान कळत नाही आणि संध्याकाळी डोकं ठणकायला लागतं. दर तासाला सगळ्यांना दोन-दोन घोट प्यायला लावा.

चारचा चहा

दिवसातलं सर्वांत चविष्ट खाणं हेच, आणि हेच सर्वांत जास्त लोकांचं हुकतं. चार-साडेचारला चहा आणि कांदाभजी निघतात, पाऊण तासात संपतात. त्याच वेळी सगळे चेंजिंग रूमच्या रांगेत असतात. एकाला कूपनं देऊन आधी पाठवा. पाण्यानं गारठलेल्या, सुरकुतलेल्या बोटांत गरम चहाचा कागदी कप धरला, की दिवसभराचे पैसे कुठं गेले ते विचारावंसं वाटत नाही.

निघताना

कार्डातले पैसे, लॉकरचं डिपॉझिट आणि कॉश्च्यूमचं डिपॉझिट, या तीन गोष्टी परत घ्या. आणि गेटवरचा डबा. त्या दिवशी आम्ही तो विसरून गाडीत बसलोही होतो. आत्यानं पदराच्या गाठीतून 17 नंबरचा बिल्ला काढून दाखवला तेव्हा मी पळत परत गेले. हायवेला लागल्यावर एका लिंबाच्या झाडाखाली गाडी थांबवून पुडं उघडली. धपाटे मऊ होते, चटणी आणि लोणचं ठणठणीत, दही मात्र त्या फळीवर दिवसभर तापून फसफसलं होतं.

आता आत्या दह्याच्या पुडात गूळ-शेंगदाणे भरून आणते.